चेहऱ्याचा मधला भाग चपटा वाटतो? चपटं नेमकं काय आहे ते आधी शोधा

वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांच्या कडेवर टेकतात, हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं, तेही दाढ भरून घेताना. तोवर मी गालांत दोनदा फिलर, म्हणजे गाल भरायचं इंजेक्शन, घेतलं होतं. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा हातात दिला आणि म्हणाल्या, "तुमचा वरचा जबडाच मागे आहे. हे कुणी सांगितलं नाही का?" नव्हतं सांगितलं. दोन्ही वेळा ज्यांनी सुई टोचली त्यांनी मला तोंड उघडायलाही सांगितलं नव्हतं.

पुढची तीन वर्षं तपासण्या, तारा, ऑपरेशन आणि सूज यांत गेली. त्या काळात मला मराठीत जे वाचायला हवं होतं ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या चेहऱ्याचा निर्णय तुम्हाला तपासणारा डॉक्टरच घेऊ शकतो. पण त्याच्यासमोर बसताना काय विचारायचं आणि कशाला घाईने हो म्हणायचं नाही, एवढं तरी आपल्याला आधी माहीत असायला हवं.

'चपटा' म्हणजे कुठे चपटा?

मधला चेहरा म्हणजे डोळ्यांच्या खालच्या कडेपासून वरच्या दातांपर्यंतचा भाग. त्यात वरच्या जबड्याचं हाड आहे, दोन्ही बाजूंची गालाची हाडं आहेत, डोळ्याच्या खोबणीची खालची कड आहे, आणि या सगळ्यावर चरबी, स्नायू आणि त्वचेचे थर आहेत. यातला कुठलाही थर कमी पडला तरी आरशात एकच गोष्ट दिसते: चेहरा बसका, डोळ्यांखाली सावली, नाकाच्या बाजूला खळगा, हसल्यावर वरचे दात कमी दिसणं.

दिसायला सारखं, पण उपचार एकदम वेगळे. वरचा जबडा मागे असेल तर तो पुढे सरकवावा लागतो. जबडा ठीक आणि गालाचं हाड सपाट असेल तर तिथे भर घालावी लागते. हाडं ठीक आणि वयाने किंवा वजन घटल्याने चरबी उतरली असेल तर चरबी किंवा फिलर पुरतं. चुकीच्या थरावर केलेला उपचार फुकट तर जातोच, पण पुढच्या योग्य उपचाराच्या आड येतो. जबड्याच्या ऑपरेशनचं नियोजन सुरू करण्याआधी मला गालातलं फिलर इंजेक्शनने विरघळवून घ्यावं लागलं, कारण त्याखाली खरा गाल किती आहे हेच डॉक्टरांना कळत नव्हतं.

पायरी १: फोनचा फोटो बाजूला ठेवा

हातभर अंतरावरून काढलेला सेल्फी खोटं बोलतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. नाक मोठं दिसलं की आजूबाजूचे गाल आपोआप बसके वाटतात. म्हणून दुसऱ्या कुणाला तरी पाच-सहा फूट लांब उभं करा, फोन तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायला सांगा, थोडं झूम करा आणि खिडकीच्या उजेडात फोटो काढून घ्या. एक समोरून, एक पाऊण वळून, एक पूर्ण बाजूने. चेहरा सैल, ओठ न दाबता. डोक्यावरचा दिवा बंद, कारण वरून पडणाऱ्या उजेडात चांगल्या भरल्या गालाखालीही खळगा दिसतो.

बाजूच्या फोटोवर एक सोपी तपासणी करता येते. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तसा बुबुळाच्या सगळ्यात पुढच्या बिंदूपासून सरळ खाली एक उभी रेघ ओढा. गालाचा उंचवटा त्या रेघेपर्यंत येत असेल किंवा पुढे जात असेल तर हाडाचा आधार बरा आहे. बराच मागे राहत असेल तर डोळ्याखालची कड आणि गालाचं हाड मागे असण्याची शक्यता आहे. अशा चेहऱ्यात खालच्या पापणीखाली डोळ्याचा पांढरा भाग थोडा जास्त दिसतो आणि ऐन विशीतही डोळे थकल्यासारखे वाटतात. हे निदान नाही. डॉक्टरांना काय दाखवायचं ते ठरवण्यापुरतं आहे.

पायरी २: दात चावून बघा

हे मी सगळ्यांना सांगत सुटते. मागच्या दाढा नीट टेकवा आणि ओठ बाजूला करून आरशात बघा. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या थोडे पुढे यायला हवेत. कडेवर कड टेकत असेल किंवा खालचे दात पुढे जात असतील, तर आपल्याकडे सरळ म्हणतात, "खालचा जबडा पुढे आहे." पुष्कळदा खालचा जबडा बरोबर जागी असतो. वरचा मागे राहिल्यामुळे तो पुढे वाटतो. मला लहानपणापासून "हनुवटी मोठी आहे" असं ऐकायला मिळालं. हनुवटीत काहीच दोष नव्हता.

आणखी काही खुणा: पुढच्या दातांनी पेरू किंवा भाकरीचा तुकडा तोडता येत नाही, चावताना जीभ सारखी दातांत येते, तोंडाने श्वास घ्यावा लागतो, घोरणं आहे, पुरेसं झोपूनही सकाळी डोकं जड असतं. घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. मागे असलेल्या जबड्याबरोबर श्वासाची वाटही अरुंद असू शकते, आणि मग हा प्रश्न दिसण्यापुरता राहत नाही.

यांपैकी काहीही असलं तर पहिली भेट कॉस्मेटिक क्लिनिकला देऊ नका. आधी ऑर्थोडॉन्टिस्टला भेटा, म्हणजे दातांना तारा लावणाऱ्या तज्ज्ञाला.

पायरी ३: योग्य माणसाकडे जा, योग्य तपासण्या करा

या कामात तीन प्रकारचे तज्ज्ञ लागू शकतात. ऑर्थोडॉन्टिस्ट दात आणि जबड्यांचं नातं बघतो. मॅक्सिलोफेशियल सर्जन जबड्याची ऑपरेशन्स करतो. हे दोघेही दंतवैद्यकातले एमडीएस असतात आणि त्यांची नोंदणी राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे असते. प्लास्टिक सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी असते आणि नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. पाटीवर नुसतं 'कॉस्मेटिक सर्जन' किंवा 'एस्थेटिक एक्स्पर्ट' लिहिलेलं असेल तर मूळ पदवी कोणती आणि नोंदणी क्रमांक काय, हे विचारा. विचारण्यात कसलाही अपमान नाही. चांगला डॉक्टर हसतमुखाने सांगतो.

ऑर्थोडॉन्टिस्ट बहुधा डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे मागेल. त्याला दवाखान्यात 'लॅटरल सेफ' म्हणतात. त्यावर कोन मोजतात. कवटीच्या तळाच्या रेषेशी वरचा जबडा साधारण ८२ अंश आणि खालचा ८० अंश, म्हणजे दोघांतला फरक २ अंश, अशी पाठ्यपुस्तकातली सरासरी आहे. रिपोर्टमध्ये स्वतःच्या वरच्या जबड्याचा ७८ बघून मी रात्रभर झोपले नव्हते. नंतर कळलं की हे आकडे मुळात गोऱ्या लोकांच्या चेहऱ्यांवरून आलेले आहेत आणि भारतीय चेहऱ्यांची सरासरी वेगळी असू शकते. शिवाय कवटीचा तळ तिरका असला तर जबडा जागेवर असूनही कोन बदलतो. म्हणून एका आकड्यावर निर्णय होत नाही. दातांचे साचे, चेहऱ्याची तपासणी, गरज असेल तर जबड्याचा थ्री-डी स्कॅन, असं सगळं एकत्र मांडून बघावं लागतं. ऑर्थोडॉन्टिस्ट आणि सर्जन दोघांनी एकत्र बसून तुमची केस पाहिली तर उत्तम. ते शक्य नसेल तर एकाचं लेखी मत दुसऱ्याला दाखवा.

वाढ पूर्ण झाली आहे का, हेही बघतात. मुलींची जबड्याची वाढ साधारण सोळा-सतराव्या वर्षी आणि मुलांची त्याहून उशिरा थांबते. त्याआधी ऑपरेशन केलं आणि खालचा जबडा पुढे वाढत राहिला, तर पुन्हा तिथेच येऊन थांबाल. लहान मुलांच्या आईवडिलांना मात्र उलटं सांगायचं आहे, थांबू नका. सात-आठ वर्षांच्या मुलाचा वरचा जबडा मागे वाटत असेल तर आत्ताच दाखवा. त्या वयात चेहऱ्यावर बाहेरून लावायच्या फेसमास्कने जबडा पुढे ओढता येतो, तोही ऑपरेशनशिवाय. दहाव्या वर्षानंतर त्याचा उपयोग कमी कमी होत जातो.

पायरी ४: पर्याय एकेक करून तोला

*जबडा पुढे सरकवणं.* १९०१ साली रने ल फोर या फ्रेंच शल्यविशारदाने मृतदेहांवर आघात करून दाखवून दिलं की मधला चेहरा कसाही तुटत नाही, तीन ठरावीक रेषांवर तुटतो. अपघाताचे अस्थिभंग समजण्यासाठी काढलेल्या त्या रेषाच पुढे ऑपरेशनच्या रेषा झाल्या. आज वरचा जबडा पुढे आणण्याच्या नेहमीच्या ऑपरेशनला 'लफोर्ट वन' म्हणतात. चीर ओठाच्या आतून घेतात, बाहेर व्रण राहत नाही. नाकपुड्यांच्या खालून आडवा काप घेऊन दातांसकट जबडा सुटा करतात, ठरल्याप्रमाणे पुढे आणतात आणि टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या-स्क्रूंनी बसवतात. पूर्ण भूल लागते आणि काही दिवस रुग्णालयात राहावं लागतं.

याने काय बदलतं ते नीट समजून घ्या. वरचा ओठ, नाकाच्या बाजूचे खळगे आणि दातांची जुळणी सुधारते. गालाचं हाड आणि डोळ्याखालची कड जागची हलत नाही, कारण काप त्यांच्या खालून जातो. "जबडा पुढे केला की गालही भरतील" या समजुतीने गेलात तर निराश व्हाल. दोन्ही हवं असेल तर गालासाठी वेगळी भर घालावी लागते. डोळ्याखालच्या कडेसकट सगळा मधला चेहरा पुढे आणणारं 'लफोर्ट थ्री' ऑपरेशनही आहे. फ्रान्सच्या पॉल टेसिए यांनी १९६० च्या दशकात ते क्रूझों सिंड्रोमसारख्या, कवटी-चेहऱ्याची हाडं नीट न वाढणाऱ्या जन्मजात आजारांसाठी प्रस्थापित केलं. ते फार मोठं ऑपरेशन आहे. निव्वळ सौंदर्यासाठी कुणी सहज सुचवत असेल तर दुसरं मत घेतल्याशिवाय राहू नका.

माझा जबडा ६ मिलिमीटर पुढे आणला. १० मिलिमीटरच्या पलीकडे न्यायचा असेल तर एका दमात नेणं अवघड असतं आणि तो पुन्हा मागे सरकण्याचा धोका वाढतो. तिथे हाड हळूहळू ताणत नेण्याची पद्धत किंवा दोन्ही जबड्यांत हालचाल वाटून घेणं, असे मार्ग काढतात.

तोटे स्पष्ट लिहिते. नाकपुड्या रुंदावतात आणि नाकाचा शेंडा थोडा वर उचलला जातो. मूळचंच नाक रुंद असेल तर हे आधी विचारा. नाकपुड्यांचा पाया आवळणारा एक टाका घालतात, त्याने हे कमी होतं, पण थांबत नाही. वरचा ओठ, गाल, हिरड्या बधिर होतात. बहुतेक संवेदना काही आठवड्यांत ते महिन्यांत परत येते. माझ्या वरच्या हिरडीचा एक तुकडा अजूनही बधिर आहे आणि मला त्याची सवय झाली आहे. खालच्या जबड्याचंही ऑपरेशन असेल तर खालचा ओठ कायमचा बधिर राहण्याची शक्यता जास्त असते. त्याशिवाय रक्तस्राव, संसर्ग, पट्ट्या काढाव्या लागणं, एखाद्या दाताची नस जाणं, आणि क्वचित हाडाचा रक्तपुरवठा बिघडणं.

यातला सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग म्हणजे वेळ. ऑपरेशनआधी साधारण वर्ष-दीड वर्ष तारा, नंतर पुन्हा सहा महिने ते वर्ष. मागे राहिलेल्या जबड्याला सांभाळून घेण्यासाठी वरचे दात पुढे कललेले असतात आणि खालचे आत. ऑपरेशनआधी ते सरळ करतात, त्यामुळे मधल्या काळात चावा, म्हणजे वरच्या-खालच्या दातांची जुळणी, आणखी उलटा होतो आणि चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. ही कल्पना कुणी दिली नाही तर माणूस खचतो. माझे त्या काळातले फोटो जवळजवळ नाहीतच. काही जणांत 'सर्जरी फर्स्ट' म्हणजे आधी ऑपरेशन आणि मग तारा, असं करता येतं. सगळ्यांना ते चालत नाही.

फरक थोडा असेल तर नुसत्या तारांनी दात जुळवून घेता येतात. चावा सुधारतो, चेहरा फारसा नाही. हा मार्ग वाईट नाही. एक लक्षात ठेवा, त्यासाठी दात ज्या दिशेला कलवतात ती ऑपरेशनच्या तयारीच्या बरोबर उलटी असते. म्हणून कोणता मार्ग घ्यायचा ते पहिली तार लागण्याआधी ठरलं पाहिजे.

*इम्प्लांट.* चावा ठीक आहे पण गालाचं हाड, डोळ्याखालची कड किंवा नाकाच्या बाजूची जागा सपाट आहे, अशांसाठी हा खरा पर्याय आहे. तोंडातून किंवा पापणीजवळून चीर घेऊन हाडावर घट्ट पदार्थाचा तुकडा बसवतात. सिलिकॉनभोवती शरीर एक पापुद्रा तयार करतं, त्यामुळे तो नको झाला तर काढणं सोपं जातं. सच्छिद्र पॉलिएथिलीन या प्लास्टिकमध्ये पेशी आत शिरतात. तो हलत नाही, पण काढायची वेळ आली तर त्रास होतो. स्कॅनवरून तुमच्याच हाडाच्या मापाने बनवलेले 'पीक' (PEEK) नावाच्या कडक प्लास्टिकचे इम्प्लांटही मिळतात, ते महाग असतात. दोन्ही बाजू सारख्या न बसणं, सरकणं, वरच्या ओठाकडे जाणारी नस दुखावणं आणि संसर्ग हे धोके आहेत. संसर्ग कधीकधी वर्षांनंतरही होतो. जबड्याचं ऑपरेशन होण्याची थोडी जरी शक्यता असेल तर गालाचं इम्प्लांट आधी करू नका. जबडा हलल्यावर गालाला किती भर हवी, याचा हिशेबच बदलतो.

*स्वतःची चरबी.* पोट किंवा मांडीतली चरबी बारीक नळीने काढून गालात थेंबाथेंबाने सोडतात. कल्पना जुनी आहे. १८९३ साली जर्मनीत गुस्ताव्ह नॉयबर यांनी दंडातली चरबी चेहऱ्यावरचा खळगा भरायला वापरली होती. जी जगते ती तुमचीच, बाहेरचा पदार्थ नाही. पण किती जगेल ते आधी सांगता येत नाही, कधी अर्ध्याहून कमीही टिकते आणि पुन्हा करावं लागतं. वजन वाढलं की ती चरबीही वाढते. मऊ भरावासाठी चांगली, पण हाडाची टोकदार ठेवण चरबीने येत नाही.

*फिलर.* सगळ्यात सोपं दिसतं, म्हणूनच यावर थोडं जास्त लिहिते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०१३ साली गालासाठी जुव्हेडर्म व्होल्युमाला मान्यता दिली, ती वयामुळे कमी झालेला भराव परत आणण्यासाठी. जन्मतः मागे असलेलं हाड ही वेगळी गोष्ट आहे. एक सिरिंज म्हणजे १ मिली, चहाच्या चमच्याचा जेमतेम पाचवा भाग. एवढ्याने हाडाची उणीव भरत नाही. म्हणून सिरिंजवर सिरिंज वाढते आणि गाल पुढे येण्याऐवजी रुंद, सुजल्यासारखे होतात. माझं तेच झालं होतं.

तरीही फिलरचा एक चांगला उपयोग आहे. थोडाच फरक हवा असेल, किंवा गालाला भर दिल्यावर कसं दिसेल ते बघायचं असेल, तर हायलुरॉनिक आम्लाचं फिलर घेता येतं, कारण ते हायलुरॉनिडेज या इंजेक्शनने विरघळवता येतं. कॅल्शियमचं किंवा पॉलिलॅक्टिक आम्लाचं फिलर त्याने विरघळत नाही. पहिल्यांदा घेताय तर ते नको.

सगळ्यात गंभीर धोका म्हणजे फिलर रक्तवाहिनीत जाणं. त्वचा मरू शकते, दृष्टी जाऊ शकते, पक्षाघातही होऊ शकतो. एफडीएने २०१५ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. टोचताना किंवा नंतर त्वचा पांढरी पडली, जाळीसारखे निळसर डाग उठले, असह्य दुखलं, किंवा नजर धूसर झाली तर "उद्या दाखवते" म्हणू नका. डोळ्याच्या पडद्याला रक्त मिळालं नाही तर तासा-दीड तासात कायमचं नुकसान होतं. त्यामुळे ज्या खोलीत हायलुरॉनिडेज तयार नाही त्या खोलीत फिलर घ्यायचं नाही. पार्लरमध्ये तर नाहीच नाही. चरबी टोचतानाही हाच धोका असतो आणि रक्तवाहिनीत अडकलेली चरबी विरघळवणारं औषध नाही.

*याने होणार नाही.* जीभ टाळूला लावून ठेवण्याचे व्यायाम, चेहऱ्याचा योगा, च्युइंगम, धाग्यांनी गाल ओढणं: मोठ्या माणसाचं हाड याने पुढे येत नाही. गालाच्या आतली चरबी काढण्याचं ऑपरेशन सध्या फार चालतं. चपट्या चेहऱ्याला ते घातक आहे, आहे तो भराव जातो.

दुभंगलेला ओठ किंवा टाळू असलेल्यांसाठी

लहानपणी ओठाचं किंवा टाळूचं ऑपरेशन झालेल्यांत वरचा जबडा मागे राहणं बरंच आढळतं. तुमच्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे जबडा पुढे आणल्यावर टाळू मागच्या भिंतीपासून दूर जातो आणि बोलण्यात नाकातून हवा येऊ शकते. म्हणून आधी आणि नंतर वाणी-उपचारतज्ज्ञाची तपासणी हवी. दुसरं, व्रणांमुळे जबडा मागे सरकण्याचा कल जास्त असतो. हे काम दुभंगलेल्या ओठ-टाळूचाच अनुभव असलेल्या टीमकडे करा. मोफत किंवा सवलतीत होण्याची शक्यता आहे का, ते आधी विचारून घ्या. स्माइल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांत ओठ-टाळूची ऑपरेशन्स मोफत होतात.

पायरी ५: मनाची तपासणी

हे लिहिताना थोडी धाकधूक वाटते, पण टाळणार नाही. या एका गोष्टीच्या विचारात रोज तासाहून जास्त वेळ जातो का? आरसा, काचेचं दार, फोनचा कॅमेरा, जिथे तिथे स्वतःला तपासलं जातं का? जवळच्यांना काहीच दिसत नाही आणि तुम्हाला मात्र दुसरं काही दिसत नाही, असं आहे का? त्यामुळे लग्नकार्य, कॉलेज, मुलाखती टाळल्या जातात का? उत्तरं 'हो' असतील तर ऑपरेशनआधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. दिसण्याविषयीच्या अशा वेडावणाऱ्या चिंतेवर चांगले उपचार आहेत. ऑपरेशनने ती सहसा जात नाही, चेहऱ्याच्या दुसऱ्या भागावर जाऊन बसते. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं.

आणि स्थळांविषयी. "लग्नाआधी उरकून घेऊ" हे वाक्य मी घरात ऐकलं आहे. जबड्याचा उपचार दोन-अडीच वर्षांचा आहे. तो मुहूर्ताला बांधला तर एकतर तारा अर्धवट राहतात, नाहीतर घाईने फिलर घेतलं जातं. आईला मी शेवटी एवढंच म्हटलं, "हे माझ्या चावण्यासाठी आणि माझ्यासाठी आहे. तारीख ठरवू नकोस." ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर ऑर्थोडॉन्टिस्टकडे आली.

पायरी ६: पैसा

आरोग्य विमा ज्यांचा खर्च देत नाही अशा ठरलेल्या अपवादांत दिसणं बदलण्यासाठीची शस्त्रक्रिया येते. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, किंवा आरोग्याला असलेला थेट धोका दूर करण्यासाठी डॉक्टरांनी प्रमाणित केलेला आवश्यक उपचार मात्र या अपवादांत येत नाही. म्हणून चावणं, बोलणं, श्वास यांतल्या अडचणी कागदावर नोंदलेल्या हव्यात: झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट, चाव्याचं मोजमाप, डॉक्टरांचं लेखी मत. खोटं लिहून घेऊ नका, जे खरं आहे ते पूर्ण लिहून घ्या, आणि दाखल होण्याच्या आधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर मागवा. जीएसटीतही हाच भेद आहे. केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर कर लागतो. जन्मजात दोष, वाढीतली विकृती किंवा इजा दुरुस्त करणारी शस्त्रक्रिया करमुक्त आरोग्यसेवेत येते.

सरकारी वाट लांब आहे, पण खरी आहे. मुंबईत नायर दंत रुग्णालय आणि शासकीय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे तारा आणि जबड्याची शस्त्रक्रिया हे दोन्ही विभाग एकाच इमारतीत भेटतात. रांग असते आणि तारांसाठी दर महिन्याला जावं लागतं, म्हणून प्रवासाचा हिशेब आधी करा. खाजगीत अंदाजपत्रक मागताना तारा, पट्ट्या, भूल, खोली, स्कॅन आणि दुसऱ्यांदा करावं लागलं तर त्याचा खर्च वेगवेगळा लिहून मागा.

पायरी ७: सर्जनसमोर

प्रश्न कागदावर लिहून न्या, तिथे बसलं की डोकं रिकामं होतं. मी नेलेले हे:

– माझ्यात नेमकं काय कमी आहे, हाड, दात की मऊ भाग? एक्स-रेवर बोट ठेवून दाखवाल?
– काहीच केलं नाही तर काय होईल?
– असं ऑपरेशन तुम्ही स्वतः महिन्याला किती करता? माझ्यासारख्यांचे वर्षानंतरचे फोटो दाखवाल?
– माझ्या नाकाचं काय होईल?
– गुंतागुंत झाली तर रात्री फोन कुणाला करायचा?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना जो डॉक्टर थोडा थांबून विचार करतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो. आणि "आजच बुक केलंत तर सवलत" ऐकलं की उठून या.

पायरी ८: आधी आणि नंतर

तंबाखू, गुटखा, सिगारेट किमान महिनाभर आधी बंद. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो कसा मिळतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. सुपारी-गुटख्याने तोंड आखडलं असेल तर भुलेची नळी घालणं आणि तोंडातून ऑपरेशन करणं दोन्ही अवघड होतं. तोंड किती उघडतं हे सर्जनला स्वतःहून सांगा. घरच्यांपासून लपवत असलात तरी भुलेच्या डॉक्टरांपासून लपवू नका.

जबड्याच्या ऑपरेशननंतर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. डोकं उंचावर ठेवून झोपायचं. दोन-तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही, कारण काप सायनसमधून गेलेला असतो. चावायला साधारण सहा आठवडे बंदी. आईने नाचणीची आंबील, गाळलेलं वरण, ताक, पातळ पेज, शहाळ्याचं पाणी आणि दुधात घोटलेला खजूर यांवर मला जगवलं. पहिले काही दिवस सिरिंजने गालाच्या कडेने थोडंथोडं सोडायचं. वजन उतरतं, म्हणून तूप आणि प्रथिनं विसरू नका. भाकरी मी नवव्या आठवड्यात खाल्ली, आमटीत कुस्करून.

दुसऱ्या आठवड्यात रडू येतं. सुजलेला अनोळखी चेहरा, बोलता न येणं, भूक. "हे मी काय करून घेतलं" असं वाटतं. हे होणार हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. नाकातोंडातून लाल रक्ताची धार लागली, ताप आला, श्वास अडकला किंवा नजरेत फरक पडला तर मात्र वाट न बघता रुग्णालय गाठा.

कामावर मी चौथ्या आठवड्यात गेले. सूज पूर्ण उतरायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि नाकाचा किंवा गालाचा पुढचा कुठलाही विचार त्याआधी करायचा नाही, असं माझ्या सर्जननी बजावलं होतं. वर्ष झाल्यावर खिडकीपाशी, तेवढ्याच अंतरावरून, दादाने पुन्हा तीन फोटो काढले. गालाचं हाड अजून थोडं सपाट आहे. इम्प्लांटबद्दल विचारायला म्हणून घेतलेली अपॉइंटमेंट मी रद्द केली. त्या दिवशी पेरू आणला होता, तो पुढच्या दातांनी तोडून खाल्ला.